दुपारच्या खेळाचे मेजर

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कोणी कोणाच्या दाराची कडी वाजवीत नाही. दुकानांची दारे अर्धी ओढलेली असतात, यंत्रमागांचा खडखडाटही उन्हाने जड झाल्यासारखा दुरून ऐकू येतो, आणि संसारी माणूस जेवून, ओला पंचा पोटावर टाकून, पंख्याखाली आडवा झालेला असतो. अशा वेळी आमची कडी तीनदा, सारख्या अंतराने वाजली, की पत्नी आतूनच म्हणे, "उठा. तुमचे मेजर आले. बसा आता लढाईतले खडे निवडत."

फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या कोणालाही आमच्याकडे मेजरच म्हणतात. हे गृहस्थ हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि तसे ते प्रत्येकाला बजावीत. "हवालदार हाय मी. मेजर लई लांब बसतो, नकाशा घिऊन." ऐकणारा हसे आणि पुढच्याच वाक्यात त्यांना पुन्हा मेजर म्हणे. मीही तेच केले, आणि आता दुसऱ्या कोणत्याही नावाने ते मला आठवत नाहीत.

मूर्ती ठेंगणी, शिडशिडीत, कान मोठे, सदऱ्याच्या बाह्यांना इस्त्रीची धार, पायांत कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेली पाण्याची बाटली. रस्त्याने चालताना ते भिंतीच्या सावलीच्या कडेकडेने चालत. मूळ माढ्याकडचे. पत्नी लवकर गेली होती, मुलगी सासरी सुखात होती, आणि दोन खोल्यांत एकट्या माणसाला लागेल तेवढाच संसार ते टापटिपीने करीत. सकाळचे त्यांचे सर्व व्यवहार साधे आणि शहाण्या माणसाचे असत. विक्षिप्तपणा सुरू होई तो दुपारी.

दुपारी ते कधीही झोपत नसत. गावात युद्धाचा सिनेमा लागलेला असेल तर दुपारच्या खेळाला जात. नसेल त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि मागे पाहिलेल्या सिनेमांविषयी बोलत. मी एकदा न राहवून विचारले, "मेजर, घटकाभर पाठ का टेकत नाही?"

"टेकली तर झोप लागंल की," ते म्हणाले.

हे उत्तर तेव्हा मला विनोदी वाटले होते. पत्नीला तर फारच. ती पुढे कित्येक दिवस मला वामकुक्षीच्या वेळी "टेकू नका, झोप लागेल" म्हणून चिडवीत असे.

आमची ओळख झाली ती देवळात. तळ्याजवळच्या एका लहान शिवालयात मी सायंकाळी पोथी सांगतो. व्याकरण शिकवून निवृत्त झाल्यावर वाणीला काही पवित्र काम राहावे, एवढाच हेतू. त्या वर्षी युद्धाची पर्वे चालू होती. एके दिवशी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, श्रोते चपला शोधू लागले, तरी एक मनुष्य खांबाजवळ उभाच होता.

"गुरुजी, एक इचारू? रागावनार न्हाय न्हवं?"

"विचारा."

"लाखो मानसं लढत्यात, घोडी हायती, हत्ती हायती. ह्या समद्यांचं पानी कोन वाहत हुतं?"

"त्याविषयी आज काही आलेले नाही," असे म्हणालो.

"मग तितं चूक हाय," ते शांतपणे म्हणाले आणि देवाला नमस्कार करून निघून गेले.

मला राग आला नाही असे म्हणणे असत्य होईल. इतक्या वर्षांत माझ्या पोथीत कोणी चूक काढली नव्हती. पण घरी आल्यावर मी मागची पाने उघडून बसलो आणि तिसऱ्या दिवशी मला पाणी सापडले. युद्धापूर्वी छावण्या उभारल्या, त्या वर्णनात वैद्य होते, कारागीर होते, जनावरांचा चारा होता आणि पाणीही होते. ती पाने मी सांगण्याच्या ओघात दर वर्षी ओलांडून पुढे जात असे, हे माझ्या ध्यानात आले. मी त्यांना तो भाग वाचून दाखवला. मेजरांचा चेहरा उजळला.

"चारा बी हाय? मग पास. ल्हिनाऱ्यानं छावनी बगितल्याली दिसतीया."

त्या दिवसापासून आमचा स्नेह जमला. माझ्यासारख्या मनुष्याला त्यांच्यासारख्या मनुष्याशी बोलण्यासारखे काय असेल, असे लोकांना वाटे. परंतु मी आयुष्यभर विद्यार्थ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि ते सिनेमातल्या सैनिकांचे बूट सुधारत होते. दोघांचाही धंदा एकच होता आणि दोघांचेही कोणी ऐकत नव्हते.

सिनेमाची परीक्षा घेण्याची त्यांची एक पद्धत होती. जुन्या एकपडदा चित्रगृहात शेवटच्या रांगेत भिंतीकडेची खुर्ची त्यांची ठरलेली. पडद्यावर काही खोटे दिसले की ते एकच शब्द उच्चारीत, "चूक." ओरडत नसत, पाठशाळेत उच्चार चुकला की आम्ही म्हणतो तसे म्हणत. प्रथम लोक चिडत. "ओ काका, गप बसा की!" "काका, डायरेक्टरला फोन लावा!" असे आवाज येत. पुढे पोरांना त्याचाच छंद लागला. नायकाने दातांनी हातबॉम्बची कडी ओढली की पुढच्या रांगा मान वळवून वाट पाहत, आणि मेजर म्हणाले "चूक", की टाळ्या पडत.

दारावर एक म्हातारा तिकिटे फाडीत असे. मेजरांचा त्याच्याशी घरोबा. खेळ सुटला की तो दखनी ढंगात विचारी, "क्या मेजरसाब, पिच्चर पास हुई के नापास?"

"नापास, चाचा. बर्फ कॉम्प्युटरमदलं हाय. तोंडातनं वाफच येत न्हाय कुनाच्या."

"अरे तो टिकट के पैसे वापस लेतेव क्या?"

"नक्को. बगितलं न्हवं मी."

मला ते सगळे सविस्तर सांगत. नव्या सिनेमात रणगाडे खरे असतात, बंदुका खऱ्या असतात, गणवेशावरचे बिल्लेसुद्धा विचारून लावलेले असतात. चूक असते ती माणसांत, असे त्यांचे म्हणणे. डोंगर चढून आलेल्या माणसाच्या पाठीवर घाम वाळून मिठाचा पांढरा नकाशा उमटतो, तो कोणाच्याच पाठीवर नसतो. शेजारी गोळा फुटला की तासभर कान सुन्न होतात, इकडे लगेच एकमेकांशी हळू आवाजात गप्पा चालू होतात. अधिकारी उंच कड्यावर छाती काढून दुर्बीण लावतो. "आमच्यात आसा एक जन उभा राह्यला आस्ता, तर त्येचा अर्धाच खाली आला आस्ता." घोषणा देत चढावर धावणाऱ्यांविषयी तर त्यांना हसूच येई. "तितं धा पावलं टाकली की मानूस बसतो, गुरुजी. घोषना कशानं देतोय? छातीत वारं ऱ्हात न्हाय." आणि सर्वांत मोठी तक्रार ही की कोणी काही वाहत नाही. रॉकेलचे डबे, पिठाच्या गोण्या, पाणी, गोळे, जखमी. "लढाई म्हंजे लई करून हमाली हाय. मधी मधी गोळी."

"सगळेच खोटे असते, तर जाता कशाला?" मी विचारले.

"तुमी पोराचा उच्चार चुकला म्हनून वर्गातनं उठून जाता का?"

मी सुपारीचे तबक त्यांच्यापुढे सरकवले.

ते केवळ दोषच पाहत, असे मात्र नाही. एका अत्यंत सामान्य सिनेमाला ते तीनदा गेले. कारण विचारता म्हणाले, त्यात नायक पुढे उभा राहून लांबलचक भाषण करीत असतो आणि मागे, पार मागे, गर्दीतला एक अनोळखी नट दगडावर बसून बूट काढतो, उलटा करून झटकतो, आत हात घालून बघतो आणि पुन्हा पायात चढवतो. "त्येला कुनी सांगितलं नसंल, गुरुजी. त्येच्या पायात खरंच खडा गेला आसंल. त्यो एकटा खरा मानूस हाय समद्या पिक्चरमदी." तो नट पडद्यावर येऊन गेला की मेजर हळूच "पास" म्हणत, आणि मग उरलेला खेळ "चूक"मध्ये घालवीत.

पण एक चूक ते निराळ्या स्वरात सांगत. त्यात थट्टा नसे.

"कुनाला झोप येत न्हाय, गुरुजी. एकालाबी न्हाय. भूक दावत्यात, रगत दावत्यात, बायकूची चिट्ठी दावत्यात. लढाईत मानसाला समद्यात जास्त काय येतं? झोप. उभ्या उभ्या येती. बोलता बोलता येती. ह्ये कुनीच दावत न्हाय."

एका वर्षी पोथीत तो प्रसंग आला. युद्ध रात्रीही थांबलेले नाही, आणि दोन्हीकडच्या योद्ध्यांना अशी झोप अनावर होते की हातातली शस्त्रे गळू लागतात. तेव्हा एका महावीराला करुणा येते आणि तो सर्वांना म्हणतो की, चंद्र उगवेपर्यंत येथेच झोपा. शत्रूही त्याला दुवा देतात. मग कोणी घोड्यांच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या मानेवर, कोणी तशीच जमिनीवर, दोन्ही सैन्ये रणातच निजतात. मी हा भाग पूर्वीही सांगितला होता, दोन-चार वाक्यांत. त्या सायंकाळी मी तो सावकाश सांगितला, कारण समोर खांबाजवळ मेजर बसले होते.

ते "पास" म्हणाले नाहीत. प्रसादही न घेता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. ओसरीवर बसून पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यांनीही ते थोडक्यातच सांगितले.

उत्तरेकडच्या एका उंच ठाण्यावर ते आणि त्यांचा एक सोबती होते. सोबती वैरागजवळच्या एका वस्तीवरचा; दोघे भरतीपासून एकत्र. समोरच्या डोंगरावरून शत्रूची नजर असल्यामुळे दिवसा हालचाल करता येत नसे. जे काही वर-खाली न्यायचे ते अंधार पडल्यावरच. पहाटे फुटलेल्या एका गोळ्याचा तुकडा सोबत्याच्या मांडीत शिरला. पट्टी बांधली, रक्त थांबल्यासारखे दिसले. सायंकाळी खाली नेऊ असे ठरले आणि मेजरांना त्याच्याजवळ बसवून बाकीचे आपापल्या जागी गेले. मेजरांना तीन दिवस झोप नव्हती. दगडाच्या आडोशाला ऊन आले. सोबती गावाकडचे बोलत होता, मेजर हुंकार देत होते. आणि दुपारी केव्हातरी हुंकार थांबला.

"जागा झालो तवा सूर्व्या डोंगरामागं गेल्याला. पट्टी भिजून खालची माती बी भिजल्याली. जागा आस्तो तर दिसलं आस्तं. आवळली आस्ती पट्टी."

त्यांनी बाटलीचे टोपण पुन्हा एकदा घट्ट फिरवले.

"अन् माज्या अंगावर चादर हुती. त्येची."

ती सोलापुरी चादर सोबत्याच्या आईने त्याला निघताना दिली होती. मेजर वैरागला तिच्या भेटीला गेले तेव्हा त्यांनी तिला सांगितले की, मी दिवसभर जागा होतो, त्याचे डोके माझ्या मांडीवर होते, त्याच्याशी बोलत राहिलो, तुमचे नाव घेत तो शांतपणे गेला. मुलाच्या सामानाची पेटी घरी आली होती. तिच्यात सारे होते, चादर नव्हती. तिने चादरीचे विचारले. मेजर म्हणाले, ती अंगावर घालूनच त्याला निरोप दिला. तेव्हापासून दर वर्षी वैशाखात, त्याच्या तिथीला, ते तिच्या दाराशी जात. ती जेवू घाली, आणि जेवण झाले की म्हणे, "सांग बाबा, कसा गेला." ते तेच सांगत. चादर मात्र त्यांच्या घरी, पेटीच्या तळाशी होती. तिला त्यांनी पाणी लावले नव्हते, की ती पांघरलीही नव्हती.

"लोकांच्या पिक्चरला नापास करतो मी, गुरुजी. अन् माजा सोताचा पिक्चर पंचवीस वर्सं चाललाय. बगनारी एकच हाय. तिला सांगावं का?"

मी माझ्या परीने शास्त्र उघडले. दुसऱ्याच्या जिवाला आधार मिळावा म्हणून बोललेल्या असत्याला दोष नाही, असे म्हणणारे आधार पुष्कळ आहेत. मी ते एकामागून एक सांगितले. "त्या माउलीच्या समाधानाला धक्का लावू नका," असा निर्णय दिला.

"म्हंजे पास?"

"पास."

मेजर उठले, बाटलीचा पट्टा खांद्याला अडकवला. "सिनेमावाल्यास्नी तुमच्यासारका मास्तर मिळाया पायजे हुता," एवढे बोलून उन्हात निघून गेले.

दोन वर्षांनी त्या वृद्धेच्या डोळ्यांवर सोलापुरात शस्त्रक्रिया झाली. ती भाचीकडे राहिली होती. महिनाभराने चष्मा मिळाला, चांगले दिसू लागले, आणि तिने मेजरांना निरोप धाडला: तू लढाईचे सिनेमे बघतोस असे ऐकते, आता मला दिसते आहे तर एक दाखव, माझ्या लेकाची लढाई कशी होती ते बघायचे आहे.

मेजर माझ्याकडे आले ते प्रथमच घाबरलेले दिसले. "तुमी चला संगं. तुमी पास केलंया न्हवं? मग बसा माज्या शेजारी."

मी चित्रगृहात पाऊल टाकून चाळीस वर्षे लोटली होती. तरी गेलो. वृद्धा हिरव्या नऊवारीत, नाकावर नवा चष्मा, हातात पिशवी, अशी दाराशी उभी होती. माझ्या पाया पडू लागली, मी मागे सरलो.

"म्हाराज, तुमी बी पिच्चर बगता व्हय?" ती हसली. "देव रागवंल की."

"देवाला विचारून आलो आहे, माई."

तिकिटे फाडणारा म्हातारा मेजरांच्या तोंडाकडे पाहून नेहमीचा प्रश्न विसरला आणि त्याने नुसतेच दार उघडून धरले.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मध्ये वृद्धा, दोन्ही बाजूंना आम्ही. तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून आधी मेजरांना दिला, मग मला. खेळ सुरू झाला. मला त्यातले बहुतेक काही कळले नाही. आवाज फार मोठा होता. पण मेजरांनी शिकवलेल्या चुका मात्र मला दिसू लागल्या. पाठीवर मीठ नव्हते. कोणी काही वाहत नव्हते. एक अधिकारी कड्यावर उभा राहिला. मेजर गप्प होते. पुढच्या रांगांतली पोरे वळून वळून पाहू लागली. "मेजर, झोपला व्हय?" एकाने हाक दिली. मेजरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. नायकाचा मित्र जखमी होतो. नायक त्याचे डोके मांडीवर घेतो, रात्रभर त्याच्याशी गावाच्या गोष्टी बोलत जागा राहतो; पाऊस पडत असतो, संगीत वाढत जाते, आणि पूर्वेला तांबडे फुटते तेव्हा मित्र आईचे नाव घेऊन डोळे मिटतो. सभागृहात नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. वृद्धेने न बघताच मेजरांचे मनगट धरले.

"असंच की रं," ती म्हणाली. "तू सांगितलंस, अगदी तसंच."

मी मनात देवाचे नाव घेतले. आता ते हो म्हणतील, आणि सर्व काही होते तसे राहील, असे मला वाटले. खरे म्हणजे मी तेच मागत होतो.

पडद्यावर चिता पेटली. मग अंधारातून तो ओळखीचा शब्द आला, नेहमीपेक्षा हळू.

"चूक."

पुढच्या रांगांना हवे होते ते मिळाले. हशा पिकला, टाळ्या पडल्या, कोणी शिट्टी वाजवली. त्या हशात वृद्धेचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"काय चुकलं?"

"भाईर चला, आई. सांगतो."

सायकली लावायच्या जागेजवळ कडुलिंबाखाली एक बाक होता. बाहेर ऊन रणरणत होते. मी थोडा लांब उभा राहिलो. पण जाऊ नये अशी मेजरांची नजर होती, म्हणून ऐकू येईल इतकाच लांब. त्यांनी सर्व सांगितले. मला सांगितले होते त्याच शब्दांत, तितकेच थोडक्यात. फक्त सुरुवात निराळी होती. "आई, उजाडायची वाट कोन बगतंय? आमी मावळायची बगत हुतो. दुपार हुती. अन् मी झोपलो."

चष्मा काढून तिने पदराने पुसला, पुन्हा घातला. दारावरचा म्हातारा तांब्याभर पाणी आणून बाकावर ठेवून गेला. तिने ते मेजरांपुढे सरकवले नाही. स्वतःही घेतले नाही.

"जागं ऱ्हायला पायजे हुतंस," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"किती दीस झोप न्हवती?"

"तीन."

"हं." रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग तिने विचारले, "अन् माजी चादर?"

"माज्या अंगावर हुती. जागा झालो तवा. घरी हाय माज्या. मी खोटं बोललो."

"टाकल्याली हुती का घातल्याली?"

मेजरांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"आरं, नुसती फेकल्याली का नीट पांघरल्याली? पायाकडनं कशी हुती? आठव."

मेजरांनी डोळे मिटले. इतकी वर्षे ज्या दुपारकडे ते पाठ फिरवून जागे राहत आले होते, तिच्याकडे आता ते वळून पाहत होते. "पायाकडनं..." ते अडखळले. "उठायला गेलो तर पाय आडकलं. खोचल्याली हुती. बुटाखाली दुमडून घातल्याली."

वृद्धेने मान हलवली, एकदा, दोनदा. हिशेब बरोबर आला की गृहिणीची मान हलते तशी.

"मग त्येनंच घातली. दुसरं कोन खोचत न्हाय तशी. धाकटा भाव ल्हान असताना ह्यो त्येच्या पायाखाली खोचायचा, सरकू नगं म्हनून. आपुन उघडा निजायचा. मी लई मारलंया त्येला त्यापायी." तिने तांब्या उचलला आणि मेजरांच्या हातात दिला. "वाकून खोचायला कळ लागली आसंल मांडीत. तरी खोचली. ह्ये तू मला सांगितलंच न्हाईस इतकी वर्सं. माजं नाव घितलं म्हनून सांगत बसलास. नाव काय, कुनी बी घेतं."

मेजर पाणी प्याले नाहीत. तांब्या हातात धरून बसून राहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. ती त्यांच्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत बसली.

मी दिलेला निर्णय मला आठवला. ज्या असत्याला मी शास्त्राधाराने जपायला सांगितले होते, त्याच्या आड तिच्या मुलाचे शेवटचे कर्म तिच्यापासूनच दडून राहिले होते. मी पोथी पुष्कळ वाचली. पण पायाकडून चादर कशी होती, हे विचारावे असे मला सुचले नव्हते. त्या दिवसापासून मी पोथी सांगताना पाण्याच्या, चाऱ्याच्या, झोपेच्या जागा ओलांडून जात नाही.

खेळ सुटला. म्हाताऱ्या द्वारपालाने लांबूनच विचारले, "मेजरसाब, पास के नापास?" वृद्धेला दखनी कळत नसावी, पण प्रश्न तिला समजला. "नापास म्हनावं," ती म्हणाली. "लेकरानं चादर कुटं घातली?"

त्या वैशाखात तिथीला मेजर मलाही बरोबर घेऊन गेले. चादर पेटीतून काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तिच्या हाती दिली. तिने ती उलगडली, उन्हाकडे धरून पाहिली, एका कोपऱ्यातली ओळखीची गाठ चाचपली, नाकाशी नेली, आणि मांडीवर घेऊन बसली. दुपारी धाकट्या लेकाच्या बायकोने जेवायला वाढले: कडक भाकरी, शेंगांची चटणी, आमटी, आणि आम्ही आलो म्हणून शेवयांची खीर. जेवण झाले. दर वर्षीप्रमाणे ती "सांग बाबा, कसा गेला" म्हणेल म्हणून मेजर वाट पाहत होते. ती म्हणाली नाही. सुपारी कातरीत तिने धाकट्याच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. मेजर हुंकार देत होते.

मी पंचा चेहऱ्यावर ओढून पडलो होतो. थोड्या वेळाने ध्यानात आले, की हुंकार थांबला आहे.

पंचा बाजूला करून पाहिले. ओसरीच्या खांबाला टेकलेले मेजर बसल्या जागी कलले होते, तोंड किंचित उघडे होते, आणि ते गाढ झोपले होते. बाहेर वैशाखाचे ऊन असे होते की अंगणातल्या कोंबड्याही पाण्याच्या डोणीखाली शिरल्या होत्या. वृद्धा मांडीवरची चादर घेऊन, गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिने उशी सरकवून सावकाश त्यांना आडवे केले, चादर झटकली, त्यांच्या अंगावर घातली, आणि मग पायांशी बसून दोन्ही बाजूंनी ती टाचांखाली नीट खोचली.

त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. उकडते आहे, काढा ती, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी पंचा पुन्हा चेहऱ्यावर घेतला आणि गप्प पडून राहिलो.